वीज नसती तर… : सातवीतल्या निबंधावरून पडलेले प्रश्न

परळची_समई
नमस्कार मंडळी. माझी लेक यंदा सातवीत आहे आणि तिला शाळेतून 'वीज नसती तर…' हा निबंध लिहून आणायला सांगितला आहे. आपण सगळ्यांनीच तो कधी ना कधी लिहिलेला असणार. 'पंखे फिरले नसते' अशी सुरुवात आणि 'म्हणून विजेची बचत करू या' असा शेवट. तिनेही तसेच दोन परिच्छेद लिहून ठेवले होते. पण गेल्या गुरुवारी रात्री भर पावसात आमच्या गल्लीतली जमिनीखालची केबल जळाली आणि साडेआठला गेलेली वीज पहाटे चारला आली. आम्ही चौदाव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद, पंप बंद म्हणून टाकीत पाणी चढेना, आणि डासांमुळे कोणाच्याही डोळ्याला डोळा लागेना. मेणबत्तीच्या उजेडात तिने ती वही पुन्हा पुढे ओढली आणि मला दोन प्रश्न विचारले. विजेचा शोध नक्की कोणी लावला? आणि त्याआधीची माणसे अंधार पडल्यावर रोज करत काय असत?

पहिल्या प्रश्नाला मी 'बेंजामिन फ्रँकलिन' असे उत्तर दिले खरे, पण तिच्या मैत्रिणीच्या वहीत 'एडिसन' आहे आणि शिकवणीच्या बाईंनी 'फॅरडे' सांगितले आहे. दुसऱ्या प्रश्नावर माझ्या सासूबाईच बोलल्या. त्यांचे वय आज ब्याऐंशी आहे आणि माहेर संगमेश्वर तालुक्यातले. त्या म्हणाल्या, "त्यात कल्पना कसली करायची? लग्न होऊन मुंबईला येईपर्यंत मी तशीच तर राहिले." तेव्हापासून मलाच हा विषय सोडवत नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. लेकीला वाचून दाखवायचे आहे.

खडूफळा
समईताई, दादरच्या एका शाळेत मी सदतीस वर्षे विज्ञान शिकवले आणि दर वर्षी हा प्रश्न कोणी तरी विचारलाच. घोटाळा 'शोध' या शब्दात आहे. वीज निसर्गात होतीच. ती ओळखणे, साठवणे, वाहती करणे आणि हवी तेव्हा निर्माण करणे ही चार निराळी कामे आहेत आणि ती निरनिराळ्या माणसांनी केली. म्हणून तुमच्या घरात आलेली तिन्ही नावे आपापल्या जागी महत्त्वाची आहेत, पण 'शोध लावला' या वाक्याला त्यांतले एकही नाव पुरत नाही.

अंबर नावाचा पिवळसर खडा लोकरीवर घासला की तो काड्या-पिसे ओढून घेतो, हे ग्रीकांना अडीच हजार वर्षांपूर्वी माहीत होते. आपल्याकडेही या खड्याला संस्कृतात तृणमणी, म्हणजे गवताची काडी ओढणारा मणी, असेच नाव आहे. १६०० साली इंग्लंडमध्ये विल्यम गिल्बर्ट यांनी हे आकर्षण लोहचुंबकाच्या आकर्षणापेक्षा वेगळे आहे असे दाखवले. १७४५-४६ च्या सुमारास लायडन जार आले आणि वीज बाटलीत साठवता येऊ लागली. आकाशातली वीज आणि बाटलीतली वीज एकच आहे, हे फ्रँकलिन यांच्या १७५२ च्या पतंगाच्या प्रयोगाने लोकांच्या मनावर ठसले. तोपर्यंतची वीज मात्र एका ठिणगीत संपणारी होती. तिच्यावर काम चालवता येत नव्हते. १८०० साली व्होल्टा यांनी तांब्याच्या (किंवा चांदीच्या) आणि जस्ताच्या चकत्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, अशी चळत रचली आणि पहिल्यांदाच वीज सतत वाहू लागली. १८२० मध्ये ओर्स्टेड यांना वाहत्या विजेजवळ होकायंत्राची सुई वळताना दिसली. वीज आणि चुंबक यांचे नाते तेव्हा उघड झाले.

आता फॅरडे. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत असताना बांधायला आलेली पुस्तके वाचून शिकला. १८३१ साली त्यांनी जे पाहिले ते मी वर्गात दर वर्षी करून दाखवत असे. तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला गॅल्व्हानोमीटर (विजेचा प्रवाह काट्याने दाखवणारे उपकरण) आणि हातात एक चुंबकपट्टी. पट्टी वेटोळ्यात सारली की काटा एकीकडे झुकतो. तिथेच धरून ठेवली की काटा शून्यावर येऊन बसतो, कितीही वेळ धरा. बाहेर ओढली की काटा उलट बाजूला झुकतो. मुलांना सगळ्यात नवल त्या मधल्या थांबण्याचे वाटत असे, आणि सगळे मर्म तिथेच आहे, कारण वीज चुंबकातून येत नाही, ती हलण्यातून येते. धरणाचे पाणी, कोळशाची वाफ, वारा, अणुइंधनाची उष्णता, यांतले काहीही वापरले तरी शेवटी तारांच्या वेटोळ्यांत चुंबक फिरवायचा असतो. सौर पट्ट्यांचे तत्त्व तेवढे निराळे आहे.

एडिसन यांच्याआधीही विजेचे दिवे होते. इंग्लंडमध्ये स्वान त्याच सुमारास त्याच वाटेवर होते. एडिसन यांचे मोठे काम म्हणजे १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर उभारलेले वीजकेंद्र. दिवा, तार, मोजणारे मीटर आणि बिल, ही सगळी व्यवस्था त्यांनी एकत्र आणली.

लेकीसाठी एक प्रयोग सांगतो. केसांवरून प्लॅस्टिकची फणी फिरवून कागदाचे कपटे उचलायचे. पण आत्ता पावसाळ्यात करू नका. मुंबईच्या दमट हवेत फणीवर विजेचा भार टिकत नाही, कपटे ढिम्म हलत नाहीत आणि मुलांना वाटते की पुस्तकच खोटे आहे. जानेवारीतल्या कोरड्या सकाळी करा.

धातुशोधक
सरांच्या माहितीत एक भर घालतो. पतंगावर वीज पडली अशी चित्रे पुस्तकांत असतात, ती चुकीची आहेत. वीज खरोखर पडली असती तर फ्रँकलिन वाचले नसते. ढगांमुळे पतंगाच्या ओल्या दोरीवर आलेला भार तेवढा त्यांनी दोरीला बांधलेल्या किल्लीपाशी अनुभवला. फ्रान्समध्ये डालिबार यांनी फ्रँकलिन यांच्याच सूचनेवरून उंच सळई उभारून हे महिनाभर आधी, मे १७५२ मध्ये, सिद्ध केले होते. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गमध्ये रिखमान हे शास्त्रज्ञ अशाच प्रयोगात वीज लागून मरण पावले. मुलांना हे जरूर सांगावे.

प्राचीन_वैभव
एवढी सगळी परदेशी नावे वाचून खेद वाटला. अगस्त्य संहितेत तांबे आणि जस्त वापरून विद्युत्घट, म्हणजे बॅटरी, करण्याची कृती आहे, असे मी अनेक व्याख्यानांतून ऐकले आहे. मुलांना हे का शिकवत नाहीत?

खडूफळा
आपला खेद मी समजू शकतो. पण त्या श्लोकांची निःसंशय प्राचीन ठरलेली हस्तलिखित प्रत आजवर पुढे आलेली नाही, आणि अशा घटापासून पुढे काही घडल्याची परंपराही दिसत नाही. म्हणून शिक्षक म्हणून मला ते शिकवता येत नाही. ज्याचा भक्कम पुरावा आहे असा अभिमान मात्र मी जरूर शिकवतो. जस्त तापवले की त्याची वाफ होऊन उडून जाते, म्हणून तो धातू खनिजातून मिळवणे फार अवघड असते. राजस्थानात जावर येथे आपल्या कारागिरांनी उलट्या मुशी (धातू तापवायची मातीची भांडी) लावून ती वाफ खाली थंड करून जस्त काढले, तेही युरोपात ही विद्या येण्याच्या कित्येक शतके आधी. तिथे त्या मुशींचे ढिगारे आजही पाहायला मिळतात. व्होल्टा यांच्या चळतीला जस्तच लागत होते. ही साखळी मुलांना सांगताना माझा ऊर खरोखर भरून येत असे.

बोरूबहाद्दर
भाषेच्या अंगाने दोन शब्द. इंग्रजीत विजेचे नाव अंबराच्या ग्रीक नावावरून पडले. फारसीत अंबराला कहरुबा म्हणजे 'काडी पळवणारा' म्हणतात आणि अरबीत त्यावरूनच विजेला शब्द आला. आपण मात्र नवा शब्द घडवला नाही, आभाळात चमकणाऱ्या विजेचेच नाव तारेतल्या विजेला दिले. त्यामुळे फ्रँकलिन यांना जे सिद्ध करावे लागले ते मराठी मुलाला शब्दातच मिळते. बोलताना मात्र आपण 'वीज गेली' असे फारसे म्हणत नाही, 'लाईट गेली' म्हणतो, मग फक्त पंखा बंद पडलेला असला तरी. ही वस्तू आपल्या घरात दिवा म्हणूनच आली, हे त्यातून कळते. आणि दिवा 'विझवला' असे न म्हणता तो 'मालवला' किंवा 'दिव्याला निरोप दिला' असे म्हणण्याची आपल्याकडची जुनी रीत होती. बटणाच्या दिव्याला आपण कधी निरोप दिला नाही, याची मला चुटपुट लागून राहते.

जुनी_मुंबई
मुंबईपुरते सांगतो. रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्ये आले. संध्याकाळी काठी घेऊन दिवे लावत जाणारा माणूस हा तेव्हाच्या दिवेलागणीचा भाग होता. क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत, विजेचे दिवे १८८२ साली लागले, म्हणजे पर्ल स्ट्रीटच्याच वर्षी. पण ती एका इमारतीपुरती गोष्ट होती. शहराला वीज विकण्यासाठीचे केंद्र वाडीबंदरला १९०५ च्या नोव्हेंबरात सुरू झाले आणि ७ मे १९०७ रोजी विजेवरची ट्राम धावली. त्याआधी १८७४ पासून ट्राम घोडे ओढत असत. आणखी एक गोष्ट लेकीला सांगा. मुंबईत वीज दिव्याच्या रूपात येण्याच्या कितीतरी आधी, १८५० च्या दशकातच, तारायंत्रातून निरोप घेऊन आलेली होती.

गिरणगावची_लेक
आतापर्यंतच्या सगळ्या प्रतिसादांत वीज म्हणजे सोय असे गृहीत धरलेले दिसते. समईताई परळच्या आहेत म्हणून मुद्दाम लिहिते. माझे पणजोबा लालबागच्या चाळीतून गिरणीत जात. तेव्हाच्या गिरण्या सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद. उन्हाळ्यात हा दिवसही तेरा-चौदा तासांचा होई, पण त्याला निदान एक शेवट होता, कारण अंधारात तुटलेला धागा दिसत नाही आणि तो न दिसता सांधता येत नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि मालकांनी दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला. कामगारांनी त्याविरुद्ध संप केले, चौकशी समित्या बसल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला. म्हणजे त्या लोकांच्या आयुष्यात वीज पहिल्यांदा आली ती त्यांची संध्याकाळ काढून घ्यायला. त्यांच्या खोलीत तेव्हा रॉकेलची चिमणीच होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली, ते आपण शाळेत शिकतो. पंधरा वर्षांनी दिव्यांनी काय केले ते मात्र शिकवले जात नाही. निबंधात 'वीज नसती तर गिरणी सूर्यास्ताला सुटली असती' असे एक वाक्य असावे, अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

चांदणवेडा
वरचा प्रतिसाद फार आवडला, आणि त्यालाच धरून म्हणतो की विजेने आपल्याकडून रात्र काढून घेतली. गुरुवारी समईताईंच्या घरी नक्कीच सगळे एकत्र बसून बोलले असतील. कंदिलाभोवती गोष्टी सांगणारी आजी, अंगणातले आकाश, लवकर झोप, लवकर उठणे, हे सगळे गेले. मुंबईत आकाशगंगा दिसत नाही. मला तर वाटते की आठवड्यातून एक रात्र शहराने स्वखुशीने दिवे बंद ठेवावेत.

बांधावरून
चांदणवेडा, तुमच्या भावनेचा अनादर करत नाही, पण मला हे वाचून त्रास झाला. मी घाटकोपरला राहतो, माझे आईवडील जालना जिल्ह्यात शेती करतात. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या गावात बारा-बारा तास भारनियमन असे आणि त्याच काळात मुंबईत वीज जात नसे. दहावीचा अभ्यास मी चिमणीपुढे केला आहे. सकाळी नाक शिंकरले की रुमाल काळा होत असे. तेही जाऊ द्या. शेतीपंपाला लागणारी थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते, एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्यात रात्री. रात्रीची पाळी असली की वडील एक-दोन वाजता उठून, हातात बॅटरी घेऊन, उसाच्या सरीत पाणी वळवायला जातात. सरीत पाणी शिरले की बिळातले साप बाहेर येतात. आमच्या शिवारात त्यामुळे एक माणूस गेलेला आहे. आईला त्या रात्री झोप लागत नाही, आणि इकडे दहाव्या मजल्यावर मलाही लागत नाही. डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळाली तर नवी यायला किती दिवस लागतील ते कोणी सांगत नाही आणि तेवढ्यात उभे पीक माना टाकते. स्वखुशीने दिवे बंद ठेवायला आधी हाताशी बटण असावे लागते.

चांदणवेडा
बांधावरून, मी लिहिताना हा विचार केला नव्हता. वडिलांना माझा नमस्कार सांगा. आकाशाविषयीचे माझे म्हणणे मी सोडत नाही, पण 'सगळे गेले' हे शब्द मागे घेतो.

तानसा_ते_टाकी
मी पाणीखात्यात होतो, म्हणून समईताईंच्या कोरड्या नळाबद्दल लिहितो. मुंबईचे जुने पाणी विजेशिवायच येत असे. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. शहापूर तालुक्यातून तानसाचे पाणी केवळ उतारावरून वाहत शहरात पोहोचत असे आणि मलबार हिल, भंडारवाडा अशा टेकड्यांवरच्या जलाशयांतून पुन्हा उतारानेच घरोघर जाई. त्या दाबावर पाणी दोन-तीन मजले चढते. म्हणून जुन्या चाळींना तेवढेच मजले आहेत. त्याहून वर माणसाने पायांनी रोज किती चढायचे, हाही हिशेब त्यात होताच. तुमच्या चौदाव्या मजल्यावर पाणीही विजेनेच येते आणि माणूसही. भातसा नदीचे पाणी तर पिसे येथे पंपाने उचलावेच लागते, म्हणजे आजच्या मुंबईची तहान केवळ उतारावर भागणार नाही. पावसाळ्याचे आणखी वेगळे आहे. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीइतका किंवा तिच्याहून खोल आहे. भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले की हाजी अली, लव्हग्रोव्ह, ईर्ला येथील पंप पाणी समुद्रात फेकतात. ते बंद पडले तर किती घरांत पाणी शिरेल याचा विचार करत मी नोकरीतल्या कित्येक रात्री जागून काढल्या. निबंधात पंख्याआधी पंप यावा असे मला वाटते.

मावळमाती
एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही. मुंबईची वीज आली कुठून? वाडीबंदरच्या केंद्रात कोळसा जळत होता, पण गिरण्यांची भूक मोठी होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस लोणावळा, वळवण, शिरवटा अशा तलावांत अडवायचा आणि मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला सोडायचा, अशी टाटांची योजना होती. ती ११ फेब्रुवारी १९१५ रोजी सुरू झाली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. खडूफळा सरांनी सांगितलेले तारांचे वेटोळे आमच्या घाटावरच्या पावसाने फिरवले.

भिऱ्यासाठी मुळशीला धरण झाले आणि मुळशी पेट्यातली भाताची खाचरे, घरे, देवळे पाण्याखाली गेली. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. बायका-मुले धरणाच्या कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली, आणि शेवटी धरण झालेच. माझी पणजी त्या पेट्यातली. विस्थापित होऊन आली तेव्हा तिने उखळाचा दगड डोक्यावरून आणला होता, तो आमच्या अंगणात आहे. तिच्या नव्या वाडीत वीज आली ती स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षांनी. वीज नको होती असे मी म्हणत नाही. ज्यांनी दिले त्यांना ती सगळ्यात शेवटी मिळाली, हे मला अजूनही सहन होत नाही.

खाडीकाठ
मावळमातींचे वाचून घारापुरी आठवली. गेटवेवरून लाँचने तासाभरात पोहोचता येईल एवढी जवळ, लेणी जगप्रसिद्ध, आणि बेटावरच्या राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर या तीन वस्त्यांना कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी तीनेक तास जनित्र चाले आणि मग अंधार. मी सर्वेक्षणाच्या कामासाठी २०११ मध्ये तिथे काही रात्री राहिलो होतो. जनित्राचा आवाज थांबला की एकदम लाटांचा आवाज ऐकू येई आणि समोर पाण्यापलीकडे मुंबईचे सगळे दिवे लखलखत असत. ज्यांच्या घरी मी उतरलो होतो त्या मावशी तिकडे पाठ करून बसत. मी कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "रोज बघून काय करू? आमच्याकडे थोडीच येणार आहे?" वीज आल्यावर पुन्हा गेलो तर त्यांनी आधी फ्रिज उघडून आतला बर्फ दाखवला.

मधला_डबा
लोकलचे कोणीच लिहिले नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला, हार्बर मार्गावरून, भारतातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. ती व्यवस्था जवळजवळ नव्वद वर्षे टिकली आणि मग टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्ट एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर गेली. शेवटचा हार्बर मार्ग २०१६ मध्ये बदलला. एका व्यवस्थेतून दुसरीत जाताना डब्यातले दिवे-पंखे क्षणभर बंद होत आणि गर्दीतली सगळी बोलणी त्या क्षणी थांबत, हे जुन्या प्रवाशांना आठवेल. विजेशिवाय ही गाडी कोळशावर धावली असती, पण स्थानकावर पटकन थांबून पटकन वेग घेणे वाफेच्या इंजिनाला जमत नाही. दर तीन-चार मिनिटांनी लोकल नसती तर डोंबिवली-विरारची माणसे मुंबईत नोकरीला आलीच नसती.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली, तेव्हा मी कोविडच्या अतिदक्षता विभागात होते. व्हेंटिलेटरला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे तो थांबत नाही, पण मॉनिटर, पंखे, वातानुकूलन सगळे एकदम गप्प होते. जनित्र सुरू व्हायला काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत मी जवळच्या खाटेशी जाऊन अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हातात घेतली आणि दुसरा हात रुग्णाच्या छातीवर ठेवला, ती वरखाली होते आहे ना हे पाहायला. विभागात कोणी बोलले नाही. सगळ्या परिचारिका एकेका खाटेशी हात ठेवून उभ्या होत्या. मग जनित्राची घरघर ऐकू आली. पुढचे काही तास शहराच्या बऱ्याच भागांत वीज नव्हती, लोकल उभ्या होत्या, पण आमचे सगळे रुग्ण सुखरूप राहिले. निबंधाबद्दल काय सांगावे मला कळत नाही, पण 'वीज नसती तर' हे शब्द वाचले की मला तळहाताखालची ती छाती आठवते.

परळची_समई
चार दिवसांनी परत येते आहे. सगळे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले. काही तिने दोनदा वाचायला लावले, त्यात रात्रपाळी ताईंचा आणि बांधावरून यांच्या वडिलांचा होता. फणीचा प्रयोग सांगूनही तिने केलाच आणि सरांनी म्हटल्याप्रमाणे एकही कपटा हलला नाही. जानेवारीची तारीख तिने कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

चांदणवेडा यांचा प्रतिसाद मी सासूबाईंना मुद्दाम वाचून दाखवला. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत देते. "सगळे कंदिलाभोवती बसत, कारण कंदील एकच होता. तो कोणी गोठ्यात नेला की बाकीच्यांनी अंधारात बसून राहायचे. माझ्या धाकट्या भावाला तसाच गोठ्याच्या वाटेवर विंचू चावला होता. गोष्टी सांगत, नाही असे नाही, पण आईला गोष्टी ऐकायला वेळ कुठे होता? अंधार पडायच्या आत स्वयंपाक उरकायचा म्हणून ती चार वाजल्यापासून चुलीपुढे असे." मग त्यांनी कंदिलाची काच पुसण्याचे सविस्तर सांगितले. हे काम दिवेलागणीच्या आधी लहान मुलांचे. मोठ्या माणसाचा हात त्या काचेत जात नाही. चुलीतली राख फडक्यातून गाळून घ्यायची, ती मऊ चिंधीवर घेऊन काच आतून गोल-गोल पुसायची, आणि पाण्याचा हात लावायचा नाही, कारण ओली काच ज्योत मोठी केली की तडकते. काच फुटली तर नवी संगमेश्वरच्या बाजारातून येईपर्यंत आठवडा जाई आणि पाठीवर धपाटा मिळे तो वेगळाच.

निबंध तिने नव्याने लिहिला. पहिले वाक्य आहे, 'वीज नसती तर काय झाले असते हे माझ्या आजीला आणि घारापुरीच्या मावशींना माहीत आहे.' गिरणीचे वाक्य त्यात आहे, पंप आहेत आणि मुळशीचे उखळही आहे. शोध कोणी लावला या प्रश्नापुढे तिने खडूफळा सरांची चारही कामे लिहून प्रत्येकापुढे एकेक नाव घातले आहे. शंभर शब्दांची मर्यादा तिने ओलांडली आहे. बाई काय म्हणतात ते पाहू.

काल माळ्यावरून सासूबाईंचा जुना कंदील काढला. काच शाबूत आहे. राख नसल्यामुळे रांगोळीने पुसायला बसलो. माझा हात बोटांच्या पेरांपर्यंतच गेला, लेकीचा मनगटापर्यंत आत गेला. वात मात्र कुजली आहे. नवी आणल्यावर ती कशी बसवायची, हे सासूबाईंना आता नीट दिसत नाही. कोणी सांगेल का?

खाडीकाठ
ताई, कंदील सोबत नेऊन वातीच्या खाचेची रुंदी मोजून चपटी वात घ्या, भुलेश्वरला मिळावी. चक्रीच्या दात्यांवर ती सरळ बसली पाहिजे, तिरकी बसली तर वर सरकताना अडकते. बसवल्यावर टाकीत रॉकेल घालून निदान अर्धा तास तशीच राहू द्या, कोरडी वात पेटवली तर ती स्वतःच जळते. आणि पेटवण्याआधी वरची कड कात्रीने सरळ कापून दोन्ही कोपरे किंचित गोल करा, म्हणजे ज्योतीला शिंगे फुटत नाहीत आणि काच काजळत नाही. घारापुरीच्या मावशींनी मला असेच शिकवले होते.